आत्याचा मान

बाळाच्या डोक्यावर टोपडं असावं की नसावं, यावरून झिंडेलफिंगेनच्या त्या घरात बाळ आल्यापासून दोन पक्ष पडले होते. एका पक्षात अहिल्याबाई, एकट्या. दुसऱ्या पक्षात त्यांची सून शिवांगी, आणि तिच्या पाठीशी एक दिवसाआड सायकलवरून येणारी हेबामे. ही जर्मन सुईण बाळाचं वजन करायची, नाळ बघायची आणि जाताजाता बाळाच्या डोक्यावरचं टोपडं काढून खुर्चीच्या पाठीला अडकवून जायची. घर गरम आहे, टोपी नको, असं तिचं म्हणणं. ती जिना उतरली की अहिल्याबाई टोपडं पुन्हा चढवायच्या. शिवांगी तोंडाने काही बोलायची नाही. सासूबाईंची पाठ वळली की मुकाट्याने ते काढायची.

शिवांगीच्या आईवडिलांनी, शैला आणि जयंत यांनी, या लढाईत तटस्थ राहायचं ठरवलं होतं. घर त्यांचं, लेक त्यांची, आणि विहीणबाई पुण्याहून पहिल्यांदाच एवढ्या मुक्कामाला आलेल्या. जयंतरावांची उभी हयात इथल्या मोटारींच्या कारखान्यात गेली होती. कुठल्या मीटिंगमध्ये गप्प बसायचं हे त्यांना चांगलं कळत होतं.

बारशाच्या दिवशीही सकाळी सकाळी तोच विषय निघाला.

"टोपी नको म्हणे!" पाळण्याला कागदी माळा बांधता बांधता अहिल्याबाई म्हणाल्या. "बाहेर बर्फ पडतोय आणि पोर उघड्या डोक्याने झोपलंय. अर्थात या घराला टोपीची किंमत कधी होती? मी डोळे फोडून एक माकडटोपी विणली, तीही हरवली."

"आई, परत ती टोपी?" स्टुलावर चढून पाळण्याचा हूक तपासणारा सिद्धांत म्हणाला.

"परतच. हरवलीस ती हरवलीस, वर सांगतोस काय, कुठे पडली आठवत नाही. डोक्यावरची टोपी पडल्याचं माणसाला कळत नाही?"

सिद्धांत बॉबलिंगेनच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकची चाचणी करायचा. दर हिवाळ्यात काही आठवडे त्याला फिनलंडच्या पार उत्तरेला, इव्हालो गावी जावं लागे. तिथे नव्या गाड्या बर्फावर पळवून बघतात. गेल्या हिवाळ्यात अहिल्याबाईंनी पुण्याहून ही टोपी पाठवली होती. झेंडूच्या रंगाची, फक्त तोंड उघडं राहील अशी, आणि हनुवटीखाली लोकर संपली म्हणून चार ओळी पोपटी. फेब्रुवारी संपता संपता तो परत आला तो टोपीशिवाय. तेव्हापासून फोनवर एक रविवार असा गेला नव्हता की टोपीचं नाव निघालं नाही.

सिद्धांत स्टुलावरून उतरला. "आई, एक सांगायचं होतं. नाव ठेवण्याबद्दल."

"केया ठरलंय ना? माझं काही म्हणणं नाही. कालिंदी चांगलं होतं, पण माझं म्हणणं नाही."

"नाव नाही. ते कानात कोण सांगणार, ते."

"सुलेखा सांगणार. तुला सख्खी बहीण नाही, चुलत आहे, ती आत्या. ती पोचेलच इतक्यात."

"आई, मी दुसऱ्या कोणाला तरी शब्द दिलाय. झरमीना म्हणून आहे. कार्ल्सरूहेत राहते. अफगाणिस्तानातून आलेली आहे. मी तिला बहीण मानतो."

अहिल्याबाईंच्या हातातली माळ तशीच राहिली. "मानलेली बहीण! कुणी मानली? कधी मानली? मला का नाही माहीत?"

"राखी बांधली तिने ऑगस्टमध्ये."

"राखी तर सोसायटीतल्या वॉचमनलाही बांधतात. म्हणून त्याच्या बहिणीला कोणी आत्या करतं का?" त्यांचा आवाज चढला. "सिद्धांत, तुझी काकू आणि मी पाच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. ही बाळाची बातमी आली म्हणून तिने फोन उचलला. मी तिला तोंडाने सांगितलंय, आत्याचा मान तुझ्या मुलीचा. आता मी काय सांगू? निर्वासितांच्या छावणीतून एक बाई आणली म्हणून?"

सिद्धांत सगळं सांगायला निघाला. स्वयंपाकघराच्या दारात सासरे उभे होते. त्यांनी हळूच मान हलवली. आत्ता नको.

शैलाने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. घुगऱ्यांसाठी हरभरे उकडत होते. "अहो," ती जयंतरावांना म्हणाली, "सांगून टाकू दे ना त्याला. दहा महिने झाले. त्यांना कळायला नको?"

"आज? बारशाच्या दिवशी? त्यांचं ब्लडप्रेशर माहितीये ना तुला?"

"माझं चढलंय त्याचं काय?" शैलाने झाकण आदळलं. "आल्झो, म्हणजे, मला हे पटत नाही. उद्या आपल्या शिवांगीचं काही झालं आणि हे लोक आपल्याला न सांगता बसले, तर चालेल तुम्हाला?"

जयंतरावांनी गॅस बारीक केला. ज्या दिवशी इव्हालोच्या दवाखान्यातून जावयाचा फोन आला, त्या दिवशी त्यांनीच त्याला सांगितलं होतं, पुण्याला काही कळवू नकोस, एकट्या बाईला कशाला घाबरवायचं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

सुलेखा आली ती दोन पिशव्या, चांदीचे वाळे आणि बर्फाने भिजलेली पैठणी घेऊन. कार्ल्सरूहेला आयटीत असणारी ही मुलगी, साडी नेसून ट्रेनमध्ये चढल्याबद्दल स्वतःवरच खूश होती. तिने वाकून काकूंना नमस्कार केला, बाळाला बघितलं, आणि मग घरातलं वातावरण तिच्या लक्षात आलं. शिवांगी तिला खोलीत घेऊन गेली.

"ताई, रागावू नकोस," शिवांगी म्हणाली. लहानपणापासून इथे वाढल्यामुळे तिचं मराठी जपून पाय टाकत यायचं. "सिद्धांतने सांगायला पाहिजे होतं आधी. पण तो घाबरतो आईंना. गेनाऊ, अगदी असाच आहे तो. मीटिंगमध्ये वाघ, आणि आईसमोर..."

"मांजर," सुलेखाने वाक्य पुरं केलं. "माहितीये मला. पण ही झरमीना आहे तरी कोण?"

शिवांगीने सांगितलं. सगळं सांगितलं. सुलेखा पैठणीसकट पलंगावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

अकरा वाजता दारावरची घंटा वाजली.

दारात तिशीतली एक बाई होती, डोक्यावर ओढणी, हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी, सोराया. बुटांचा बर्फ तिने पायपुसण्यावर इतका नीट झाडला की शैलाला भरून आलं. झरमीनाचा नवरा शनिवारी एका बेकरीत कामाला जायचा, म्हणून दोघीच आल्या होत्या.

झरमीना हिंदी बोलायची आणि ते थेट काबूलच्या टीव्हीवर शिकलेलं होतं. तिथे संध्याकाळी घरोघर हिंदी मालिका चालायच्या. त्यामुळे हिंदुस्थानी घरात सासू नावाची व्यक्ती काय चीज असते, याबद्दल तिच्या काही ठाम कल्पना होत्या. सोफ्यावर ताठ बसलेल्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या अहिल्याबाईंना बघितल्यावर त्या सगळ्या खऱ्या ठरल्या. तिने पदर घ्यावा तशी ओढणी पुढे ओढली आणि वाकून दोन्ही पायांना हात लावला.

"आशीर्वाद दीजिए, माँजी."

"असू दे, असू दे," अहिल्याबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग राग आठवून त्यांनी पाय मागे घेतले.

कोणी तरी चहा आणला. कोणी तरी हवेबद्दल बोललं. सोराया पाळण्याशी जाऊन उभी राहिली आणि बाळाशी जर्मनमध्ये कुजबुजू लागली. सिद्धांत उगाच पाळण्याचा हूक पुन्हा तपासत होता. शेवटी झरमीनानेच धीर करून पुडकं पुढे केलं. सिद्धांतने तिला ऑगस्टमध्येच सांगून ठेवलं होतं, आमच्यात आत्या टोपडं आणते. त्यापलीकडे काय आणणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

"भैया ने बोला था, बुआ टोपी लाती है. मैंने खुद बनाई."

अहिल्याबाईंनी शिष्टाचार म्हणून कागद सोडला. आत मुठीएवढं टोपडं होतं. बारीक वीण, बांधायला दोन गोंडे, झेंडूचा रंग. काठाला चार ओळी पोपटी.

त्यांनी ते उजेडात धरलं. लोकर बोटांत चोळून बघितली. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात तो शेवटचा गुंडा होता, आणि पोपटी तर त्यांच्या स्वतःच्या जुन्या स्वेटरची उसवलेली होती. तसा पोपटी रंग आता कुठे मिळतही नाही.

"ही माझी लोकर आहे," त्या म्हणाल्या. "सिद्धांत, ही माझी टोपी आहे. हिच्याकडे कशी?"

जयंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माँजी को नहीं मालूम?" झरमीनाने सिद्धांतकडे बघितलं. मग एकेकाकडे. मालिकांमध्ये अशा वेळी संगीत वाजतं. इथे नुसते हरभरे शिजत होते. "भैया, आपने माँ को नहीं बताया?"

"तू सांग," सिद्धांत खालच्या आवाजात म्हणाला. "आप बताइए."

मग झरमीनाने सांगितलं. तिचा भाऊ मॉस्कोच्या बाजारात पिशव्या विकायचा, त्याच्याकडे ती मुलीला घेऊन आली होती. नवरा आधीच तुर्कस्तानवरून, समुद्रावरून जर्मनीला पोचला होता. होडीत काय काय झालं ते त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मी पाण्यात पाय घालणार नाही. मग उरला उत्तरेचा रस्ता. आगगाडीने रशियाच्या उत्तर टोकाचं मुर्मान्स्क. तिथे एका हॉटेलात वाट बघत बसायचं, कारण सरहद्दीवर मोजक्याच गाड्या सोडत आणि पायी कोणालाच जाऊ देत नसत. शेवटी भंगारातून उठवलेल्या एका लाडा गाडीत जागा मिळाली. आत अनोळखी माणसं कोंबलेली, दाराच्या फटींत चिंध्या, आणि काचेवर आतून सगळ्यांच्या श्वासाचा बर्फ. दोन्ही बाजूंना झाडं, झाडं आणि झाडं. एक घर नाही, एक दिवा नाही. सोरायाला झोपू द्यायचं नाही म्हणून ती तिला एकामागून एक गोष्टी सांगत होती, आणि गोष्टी संपल्यावर मालिकांच्या गोष्टी सांगू लागली.

फिनलंडच्या चौकीवर गाडी ठेवून घेतली, बोटांचे ठसे घेतले आणि सगळ्यांना बसमध्ये बसवून इव्हालोकडे रवाना केलं. बसमध्ये वर्दीतला माणूस होता. मागे बसलेला एक जण सगळ्यांना बजावत होता, आवाज करू नका, हललात तरी बघतात, गडबड करणाऱ्याला तसंच परत पाठवतात. खरं होतं की खोटं, कोणाला ठाऊक? पण बस अगदी गप्प होती.

"और फिर," झरमीनाने दोन्ही हात गळ्याशी आडवे धरले, "बर्फ में एक आदमी का सर, माँजी! सिर्फ सर! बाकी आदमी नहीं!"

"सर म्हणजे?" अहिल्याबाईंना कळेना. "डोकं?"

"तुझी टोपी होती, आई," सिद्धांत म्हणाला. "रेनडिअर आडवं आलं. गाडी रस्त्यावरून उतारावर गेली आणि बर्फात रुतली, रस्त्यावरून दिसतसुद्धा नव्हती. बॅटरी गेली, फोनला रेंज नाही. मी एकटा बाहेर पडायलाच नको होतं, नियम आहे तसा. खिडकीतून कसाबसा निघालो. तिथे रस्त्याकडेला बर्फ काढणाऱ्या गाड्यांसाठी खुणेच्या काठ्या रोवलेल्या असतात. एका काठीवर तुझी टोपी चढवली आणि परत गाडीत येऊन बसलो. उघड्यावर थांबलो असतो तर तिथेच संपलो असतो. दोन ट्रक गेले, थांबले नाहीत. मग मला झोप यायला लागली."

"मैं चिल्लाई," झरमीना म्हणाली. "सब बोले, चुप बैठ, पागल. बस नहीं रुकी. मैं उठकर आगे गई, ड्राइवर का कंधा पकड़ा. वो वर्दीवाला खड़ा हो गया. मैंने सोचा, अब वापस भेजेंगे. मेरी बच्ची है साथ. मगर आदमी गर्दन तक बर्फ में हो, तो कोई बैठता है क्या?"

बस थांबली. मुंडकं म्हणजे काठीवरची टोपी निघाली, आणि टोपीखाली उतारावर गाडी सापडली. झरमीनाने आणि दुसऱ्या एका बाईने बसमध्ये सिद्धांतचे हात आपल्या काखेत धरून ठेवले, दवाखाना येईपर्यंत. उतरताना त्याने बघितलं, सोरायाच्या डोक्याला नुसता पातळ रुमाल आहे. त्याने टोपी तिच्या डोक्यावर चढवली. आतल्या पट्टीवर अहिल्याबाईंनी, हरवू नये म्हणून, त्याचं नाव आणि फोन नंबर शिवून ठेवला होता. त्याच नंबरवर उन्हाळ्यात कार्ल्सरूहेहून फोन आला, मी नवऱ्याजवळ पोचले म्हणून. तीच टोपी उसवून तिने आता हे टोपडं विणलं होतं.

सोरायाने वर बघितलं. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळलं होतं.

अहिल्याबाईंनी टोपडं मांडीवर ठेवलं. "शैलाताई, तुम्हाला माहीत होतं?"

शैलाने मान खाली घातली.

"शिवांगी, तुला? सुलेखा, तुलासुद्धा?"

"मला आत्ता कळलं, काकू. तासभर झाला."

"म्हणजे मी सोडून सगळ्या घराला," असं म्हणून त्या उठल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या. दार लावलं नाही, नुसतं ओढून घेतलं.

जयंतराव मागोमाग गेले. "अहिल्याताई, चूक माझी. मीच त्याला म्हटलं, सांगू नकोस. तुम्ही तिकडे एकट्या..."

"एकटी आहे म्हणून सांगायचं नाही?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "जयंतराव, हे गेले तेव्हा मी एकटीच होते दवाखान्यात. झेपलं मला. हेही झेपलं असतं. दहा महिने मी पोराला टोपीवरून टोचतेय. दर रविवारी! आणि तो ऐकून घेतोय. एकदा तरी म्हणायचं होतं, आई, तुझ्या टोपीने वाचलो. मी देवापुढे साखर ठेवली असती. त्या मुलीला तिथल्या तिथे फोन केला असता. आभार मानायला मला दहा महिने उशीर झाला, तो तुमच्यामुळे."

"हो," जयंतराव म्हणाले. "माझ्यामुळे."

सुलेखा आत आली. पैठणी सावरत ती काकूंच्या शेजारी बसली.

"काकू, आईला मी फोन करते."

"ती पुन्हा अबोला धरेल ग."

"धरू दे, मी बघते. तिला सांगते, मी दादाची बहीण आहेच, जन्माने. त्याला काही कोणी हात लावत नाही. पण त्या दिवशी मी कार्ल्सरूहेत हीटर लावून बसले होते. ही बाई, स्वतःचा पत्ता नाही, पोर मांडीवर, आणि ती ओरडली. मला त्या बसमध्ये तोंड उघडता आलं असतं का, खरंच माहीत नाही." तिने नाक ओढलं. "वाळे मी आणलेत ते मीच घालणार मात्र. तेवढा हक्क सोडत नाही."

अहिल्याबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. बर्फ पडतच होता. त्यांच्या मनाने आपोआप हिशेब मांडला. सिद्धांत मार्च लागता लागता घरी आला. डिसेंबरात ही पोर. ती बस थांबली नसती तर मुलगा गेला असता, एवढंच नव्हे. पाळण्यात जे हातपाय हलवतंय ते नसतंच झालं. केया नाही, कालिंदी नाही, टोपडं घाला की काढा हे भांडणसुद्धा नाही. या विचाराने त्यांना एकदम इतकं भरून आलं की बसल्या जागी त्यांनी हात जोडले. कोणाला जोडले, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या काठीला, त्या बसच्या ड्रायव्हरला, लक्ष्मी रोडच्या दुकानदाराला, सगळ्यांनाच.

त्या बाहेर आल्या तेव्हा झरमीना कोपऱ्यात उभी होती. आपण या घराचा सण मोडला, असंच तिला वाटत होतं. तिने ओढणी नीट केली, निघायची तयारी म्हणून.

अहिल्याबाईंनी देवापुढची हळदकुंकवाची कोयरी उचलली आणि तिच्यासमोर येऊन थांबल्या. "लावलं तर चालेल?" त्यांनी मराठीतच विचारलं. झरमीनाने कपाळ पुढे केलं. त्यांनी कुंकू लावलं, बोट जरा जास्तच वेळ कपाळावर राहिलं.

"सिद्धांत, तिला सांग, माझ्या हिंदीचं काही खरं नाही. सांग, आत्या तीच. आणि सांग, मी विणलं होतं त्याच्यापेक्षा हिची वीण चांगली आहे."

सिद्धांतला सांगता येईना. ते काम सुलेखाने केलं.

शिवांगी पुढे झाली. तिने सासूबाईंच्या हातातून टोपडं घेतलं, पाळण्यात वाकली आणि स्वतःच्या हाताने बाळाच्या डोक्यावर चढवून गोंडे बांधले. अगदी घट्ट, कानांवरून. अहिल्याबाई बघत राहिल्या.

"हेबामे सोमवारी येणार आहे," शिवांगी म्हणाली. "सोमवारपर्यंत राहू दे, आई."

शैलाने घुगऱ्यांचा वाडगा पाळण्याखाली ठेवला. सुलेखाने वाळे घातले. बायका पाळण्याभोवती उभ्या राहिल्या, आणि झरमीनाला काय करायचं ते शिवांगीने कानात सांगितलं. ती वाकली. झेंडूच्या टोपड्याची कड तिने एका बोटाने वर केली, बाळाच्या कानाशी "कुर्रर्र" केलं आणि हलकेच नाव सांगितलं, केया. मग आणखी काही तरी बोलली, तिच्या भाषेत, बराच वेळ. कोणी तिला थांबवलं नाही.

पुढचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मालिकांमध्ये ते कधी दाखवलं नव्हतं. आत्याने नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे पडतात. पहिला धपाटा पडला तशी झरमीना दचकली, तिचे खांदे आखडले आणि ती भेदरून मागे वळली.

मागे अहिल्याबाई होत्या. धपाटा चांगलाच बसला होता, आणि मारलेला हात त्यांनी उचललाच नव्हता. तो तिच्या पाठीवर तसाच पसरलेला होता. डोळ्यांतलं पाणी चष्म्याखालून ओघळत होतं आणि त्या हसत होत्या.

"आत्याला मारतात आमच्यात," त्या म्हणाल्या. "बुआ को मारते है. घरच्या आत्यालाच. लागलं का ग?"

झरमीनाने त्यांच्याकडे बघितलं, मग रांगेत हात उगारून उभ्या असलेल्या सुलेखाकडे, शैलाकडे. खांदे सैल झाले. ती पुन्हा पाळण्यावर वाकली आणि पाठ पुढे केली.

"नहीं लगा, माँजी," ती म्हणाली. "और मारिए."